पुढचं डावं चाक

रमाकांत टेंब्यांनी गाडीच्या पुढच्या डाव्या टायरवर तळहात ठेवला, डोळे मिटले आणि हात हळूहळू बाहेरच्या कडेकडे सरकवला. तिथे तो अडला. त्यांनी तोच हात त्याच जागेवरून पुन्हा एकदा फिरवला, आणि मग डोळे उघडून गाडीपलीकडे उभ्या असलेल्या आपल्या मुलीकडे पाहिलं.

अनुया पंख्याखाली उभी राहून उसाचा रस पीत होती. नोएडाला एका कंपनीत कामाला लागून तिला तीन वर्षं झाली होती. ही लाल गाडी तिने आठ महिन्यांपूर्वी सेकंडहँड घेतली आणि काल पहिल्यांदाच ती घेऊन झाशीला आली.

"बाबा, चारही बदलून टाका," ती म्हणाली. "साधेच द्या हां. रोज ऑफिसला जायचं-यायचं, अजून काय!"

"हं," रमाकांत म्हणाले आणि उजव्या बाजूला जाऊन बसले. उजवा टायर बराच बरा होता. त्यावरूनही त्यांनी दोनदा हात फिरवला, मग उठून फडक्याला हात पुसत राहिले. हात केव्हाच स्वच्छ झाले होते.

ग्वाल्हेर रोडवरच्या या टायरच्या दुकानात त्यांची चौतीस वर्षं गेली. दुकान आता जयदीपचं, त्याआधी त्याच्या वडिलांचं. टेंब्यांचा मूळपुरुष मराठी सुभेदाराच्या मागोमाग झाशीला आला तो पत्रिका मांडायला आणि मुहूर्त काढायला. पुढे पिढ्या गेल्या, पत्रिका गेल्या, आणि रमाकांत टायर वाचू लागले. गिऱ्हाइकं त्यांना पंडितजी म्हणायची आणि गाडी लावताच सांगायची, "पंडितजी, तनक बाँच तो दो," जरा वाचून तर द्या. मग पंडितजी डोळे मिटून हात फिरवत आणि सांगत. छावणीतल्या एका कर्नलसाहेबांना त्यांनी सांगितलं होतं की गाडी तुम्ही नाही, मेमसाहेब चालवतात. मऊरानीपूरच्या एका धान्यवाल्याला सांगितलं होतं की तुमचा ड्रायव्हर रोज कुठल्या तरी गिट्टीच्या रस्त्याने जातो, आणि तो रस्ता काही मंडईला जात नाही. त्या ड्रायव्हरची सासुरवाडी खदानीजवळ निघाली. लोक हसत, थक्क होत, आणि पुढच्या वेळी नवा माणूस घेऊन येत. एवढं सगळं वाचणाऱ्या या माणसाला स्वतःला मोटार चालवता येत नव्हती. ते सायकलवरून यायचे.

आणि आता त्यांच्या हाताला जे लागलं होतं ते रोज ऑफिसला जाऊन लागत नाही. टायरचा बाहेरचा खांदा कुरतडल्यासारखा झाला होता. कडेला रबराच्या बारीक गोळ्या वळल्या होत्या आणि वितळून पुन्हा थिजलेल्या रबराची निळसर झाक होती. असा टायर त्यांनी आयुष्यात एकदाच पाहिला होता. बारा वर्षांपूर्वी छावणीतला एक तरुण कॅप्टन असाच सेट घेऊन आला होता आणि त्याने कागदावर वेडंवाकडं वर्तुळ काढून समजावलं होतं की शर्यतीच्या ट्रॅकवर गाडी घड्याळाच्या काट्यांसारखी फिरते, सगळी मोठी वळणं उजवीकडे, म्हणून मरतो तो डावा टायर. त्यातही पुढचा.

"काय झालं बाबा?"

"काही नाही. साधे टायर या मापाचे आज नाहीत."

काउंटरमागून जयदीपने मान वर केली. "कैसे नहीं हैं पंडितजी? पाँच सेट तो ऊपर धरे हैं!"

"वो पुराने हैं."

"पुराने?" जयदीपला हे फारच लागलं. "अरे, पिछले महीने हमने अपने हाथ से उतारे हैं!"

चौतीस वर्षांत रमाकांत दुकानात खोटं बोलले नव्हते, त्यामुळे त्यांना ते नीट जमतही नव्हतं. त्यांचे कान लाल झाले. अनुया एकदा बापाकडे आणि एकदा चाकाकडे पाहत राहिली.

"आधी घरी जेवायला चल," ते म्हणाले. "टायर कुठे पळून नाही जात."

घर माणिक चौकामागच्या गल्लीत. तिथवर मोटार जात नाही, म्हणून गाडी दुकानातच ठेवून दोघं रिक्षाने आली. रमाकांत मनातल्या मनात एकच गोष्ट उगाळत होते, आणि ती टायरबद्दल नव्हती.

अनुया सोळा वर्षांची असताना तिने स्कूटी मागितली होती. त्यांनी नाही म्हटलं. दुकानात ज्या गाड्या यायच्या त्यांतल्या काही ओढून आणलेल्या असायच्या, आणि त्यांच्या सीटवर काय काय दिसायचं ते घरी सांगण्यासारखं नसायचं. ती रडली, चार दिवस जेवली नाही, मग जेवली. दोन वर्षं भरलेल्या टेम्पोत कोंबून शाळेत गेली. हट्ट सोडला म्हणून रमाकांतांना तेव्हा बरं वाटलं होतं. बऱ्याच वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं की पोरीने नुसता हट्ट सोडला नव्हता, बापाकडे काही मागणंच सोडलं होतं. कॉलेज तिने स्वतः निवडलं, नोकरी स्वतः शोधली, गाडी घेतल्यावर तिचा फोटो पाठवला. सगळं व्यवस्थित, आणि सगळं झाल्यावर सांगितलेलं. आज आठ-दहा वर्षांनी ती पहिल्यांदा काही तरी मागायला त्यांच्या दारात आली होती, ते पण खोटं बोलून. आपण आता तोंड उघडलं तर ती पुन्हा यायची नाही, आणि नाही उघडलं तर ती तेच साधे टायर लावून तिकडे जाईल. रिक्षा मोहरीच्या तेलाच्या दुकानांवरून गेली तरी त्यांना वाट सापडली नव्हती.

अनुसूयाबाईंनी लेकीसाठी सार केलं होतं आणि तिच्या आवडीची भोपळ्याची घारगीही.

"गाडी हळू चालवतेस ना ग?" त्यांनी वाढता वाढता विचारलं.

"हो आई, एकदम हळू."

रमाकांतांचा घास क्षणभर हातातच राहिला. मग त्यांनी तो खाल्ला.

जेवण झाल्यावर अनुसूयाबाई आतल्या खोलीत आडव्या झाल्या. रमाकांतांनी चष्मा लावला, जुन्या कॅलेंडरचं एक पान उलटं केलं आणि पेन्सिल घेतली. मोठ्या गिऱ्हाइकाला ते असंच समोर बसवायचे.

"रोज किती चालते?"

"जाऊन-येऊन चव्वेचाळीस किलोमीटर."

"पावसात?"

"पावसात पण. मेट्रो लांब पडते ना."

"इकडे किती वेळा येशील?"

"दोन-तीन महिन्यांतून एकदा."

रमाकांतांनी सगळं लिहून घेतलं. पेन्सिलीचं टोक कागदावरच होतं आणि मानही खालीच होती. "आणि ट्रॅकवर?"

अनुयाने आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं.

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

"टायरनं."

अनुया खाली सतरंजीवर बसली. तिचा चेहरा सोळाव्या वर्षी होता तसाच झाला होता. "आईला?"

"टायर माझ्याशी बोलला. आईशी नाही."

"तीनदा गेले," ती म्हणाली. "ग्रेटर नोएडाला. रेस नसते बाबा, खरंच. पैसे भरून आपली गाडी नेतात, शिकवणारा माणूस बाजूला बसतो, हेल्मेट, सगळं असतं. आणि तिथं ना, समोरून कोणी येतच नाही. गाय नाही, ट्रॅक्टर नाही, राँग साइडनं येणारा नाही. कानपूर रोडपेक्षा सेफ आहे, तुम्ही बघाल तर मानाल."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही नाहीच म्हटलं असतं."

रमाकांतांनी चष्मा काढला. "हो," ते म्हणाले. "नाहीच म्हटलं असतं."

हे इतकं सरळ येईल असं तिला वाटलं नव्हतं. भांडणाची तयारी केली होती ती वाया गेली. ती बोटाने सतरंजीचा दोरा ओढत राहिली.

"काय करून राहिली होतीस?" त्यांनी विचारलं. आवाज आता थोडा चढला होता. "साधे टायर लावून पुन्हा जाणार होतीस तिथं? माझ्या हातानं चढवून घेऊन?"

"दुसरे मागितले असते तर तुम्हाला समजलं असतं ना."

"साधा टायर तिथल्या गरमीत चार चक्करमध्ये मऊ पडतो. वळणावर खांदा दुमडतो त्याचा. धरतो, धरतो, आणि एकदम सोडतो. तेव्हा तू हेल्मेट घाल नाही तर काही घाल." एवढं बोलून त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. त्यांची पोर होती ती. एकुलती एक. ज्या टायरवर ती मरणाच्या वेगाने वळली होती तो त्यांनी सकाळी तळहाताने चाचपला होता, आणि तो आधीच जाऊन तीन वेळा परत आला होता, त्यांना पत्ताही नसताना.

अनुयाने फोन पुढे केला. "मी हे बघितले होते. ट्रॅकवाले सगळे हेच लावतात. दोनशेवाले."

टायरच्या अंगावर एक आकडा असतो. तो जितका मोठा तितका टायर टिकाऊ आणि कडक, जितका लहान तितका मऊ, रस्त्याला चिकटणारा आणि लवकर संपणारा. दुकानातले साधे टायर पाचशेचे. दोनशेचा टायर रमाकांतांनी फक्त चित्रात पाहिला होता. त्यांनी फोन चष्म्याजवळ नेला, चित्र मोठं करून नक्षी पाहिली आणि मान हलवली.

"याच्यात पाणी जायला वाटच नाही. हा ऊन असेपर्यंत मित्र. जुलैमध्ये ऑफिसातून येताना पाणी साचलेलं असेल तर गाडी तरंगेल. आणि थंडीत सकाळी गरम होईपर्यंत पकडणार नाही, तुझं ऑफिस येऊन जाईल. महिन्यातले एकोणतीस दिवस तू कामाला जातेस, एक दिवस तिथं. टायर आधी एकोणतीस दिवसांचा बघायचा."

"म्हणजे साधाच?"

"साधा म्हटलं मी?" त्यांनी कॅलेंडरच्या पानावर टायर काढायला घेतला. चित्र फारसं चांगलं नव्हतं. "मधला. तीनशेच्या आसपास. बाहेरच्या बाजूचे ठोकळे मोठे आणि भरीव, वळणावर तेच उभे राहतात. आतल्या बाजूला खोल चऱ्या, पाणी तिथून जाईल. बाजूची भिंत कडक हवी. खड्डा लागेल तेव्हा कमरेला कळेल, ते सोसायचं. आवाज पण थोडा करेल."

"टिकतील किती?"

"दुसऱ्या कोणाकडे तीस हजार. तुझ्याकडे पंधरा."

अनुया हसली. मग हसता हसता तिचे डोळे भरले आणि ती दुसरीकडे पाहू लागली. रमाकांतांनी तिला पाहू दिलं.

"तिथं फॉर्म भरतात एक," थोड्या वेळाने ती म्हणाली. "काही झालं तर कोणाला फोन करायचा, त्याचं नाव-नंबर. तीनही वेळा मी मेघनाचं लिहिलं. माझी रूममेट. मला लिहिताना लई खराब वाटायचं बाबा."

रमाकांतांना ते ऐकताना जे वाटलं त्याला राग म्हणता आलं नसतं. कुणा परक्या मुलीला फोन गेला असता. तिने मग झाशीला फोन केला असता, आणि कोणाशी काय बोलावं ते तिला सुचलं नसतं.

"माझा लिही," ते म्हणाले.

"पण मग आईला..."

"एकच नंबर लिहून घेतात का दोन?" दारातून आवाज आला.

अनुसूयाबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. हातात चहाचे कप होते, म्हणजे त्या झोपल्याच नव्हत्या, आणि चहा व्हायला लागतो तेवढा वेळ तर त्या नक्कीच ऐकत होत्या. त्यांचे डोळे लाल होते. त्यांनी कप खाली ठेवले आणि लेकीच्या पाठीत एक धपाटा घातला. चांगला जोरात. मग तिथेच तिच्या शेजारी बसल्या.

"आणि पितृपक्षात काही चढवायचं नाही," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "घट बसले की मग."

टायर दिल्लीच्या डेपोतून मागवावे लागले. तसले टायर झाशीत कोणी मागत नाही, त्यामुळे जयदीपने फोनवर मापाची तीनदा खात्री करून घेतली. दोन दिवसांनी ते आले आणि पितृपक्ष सरेपर्यंत भिंतीशी उभे राहिले. अनुया तेवढे दिवस घरूनच काम करत राहिली. रोज संध्याकाळी ती दुकानात यायची आणि बापाशेजारी स्टूल ओढून बसायची. त्यांनी तिला टायर बनल्याच्या तारखेचे चार आकडे वाचायला शिकवलं, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. एका गिऱ्हाइकाच्या टायरवर डोळे मिटून हात फिरवायला लावला. तिने सांगितलं की हा माणूस ब्रेक फार मारतो. गिऱ्हाईक ओशाळलं आणि रमाकांत दिवसभर खूश होते.

घटस्थापनेच्या दिवशी त्यांनी चारही टायर स्वतः चढवले. हे काम त्यांनी गुडघ्यांमुळे पाच-सहा वर्षांपूर्वी सोडलं होतं. बाहेरची बाजू बाहेरच आली आहे ना, हे प्रत्येक चाकाला वाकून पाहिलं. जयदीपने नेहमीप्रमाणे पॉलिशची बाटली आणि स्पंज आणला. नवा टायर काळाकुळकुळीत चमकवल्याशिवाय या दुकानातून गाडी जात नसे, आणि ही रीत खुद्द रमाकांतांनीच घालून दिली होती.

"हाथ मत लगाना!" ते इतक्या जोरात ओरडले की जयदीप जागीच थांबला.

"अरे, का हो गओ पंडितजी? बिटिया की गाड़ी फीकी भेजोगे?"

"फिसलेगी," रमाकांत म्हणाले. मग थोड्या खालच्या आवाजात, "फीकीच जाऊ दे."

ते चुकून मराठीत बोलले होते. पण जयदीपला समजलं. त्याने बाटली परत ठेवली आणि अनुसूयाबाईंनी पाठवलेली चार लिंबं स्वतः चाकांखाली मांडली.

"पहिले तीनशे किलोमीटर आईला बाजूला बसवल्यासारखी चालव," रमाकांतांनी खिडकीत वाकून सांगितलं. "नव्या रबरावर साच्याचं मेण असतं. ते जाऊ दे."

"हो बाबा."

"आणि कधी जाशील तिथं, ते आधी सांग."

"हो."

नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी ती जाणार होती. तसं तिने गुरुवारीच सांगितलं. रविवारी सकाळी रमाकांतांनी सायकल भिंतीला टेकवून दुकान उघडलं, एका जीपचं पंक्चर पाहिलं, एकाला चुकीच्या मापाचा टायर काढून दिला आणि जयदीपने दटावल्यावर परत नेऊन ठेवला. अनुसूयाबाईंचे दोन फोन येऊन गेले. काही कळलं का? नाही. काही न कळणंच चांगलं ना? हो, तेच चांगलं.

पावणेएकला फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता.

रमाकांतांनी बटण दाबलं तेव्हा ते दाबलं गेलं की नाही हेही त्यांना समजेना.

"रमाकांत टेंबेजी बोल रहे हैं?" अनोळखी पुरुषी आवाज. "अनुया टेंबे के फादर?"

"जी."

"एक मिनट."

त्या मिनिटात दुकानातला पंखा, रस्ता, समोरच्या ट्रकचा हॉर्न, सगळं कुठे तरी लांब गेलं. जयदीपने त्यांचा चेहरा पाहिला आणि स्टूल पुढे सरकवलं. ते बसले नाहीत.

"बाबा! मी आहे. फोन लॉकरमध्ये ठेवायला लावतात, म्हणून सरांचा घेतला. ऐका ना, पुढच्या डाव्यात हवा वाढून राहिलीये. सकाळी थंड असताना बत्तीस होती, आता एकोणचाळीस दाखवतंय. सर म्हणतात कमी कर, पण किती ते त्यांना या टायरचं माहीत नाही. मी म्हटलं, माझ्या बाबांना विचारते."

रमाकांतांनी काउंटरची कड धरली.

"बाबा? आहात ना?"

"आहे. बाहेरच्या खांद्यावर हात फिरव. काय लागतंय?"

"थांबा." थोडा वेळ गेला. मागे गाड्यांचा घरघराट होता. "गुळगुळीत आहे. कुरतडलेलं नाही. गोळ्या पण नाहीत."

"शाब्बास. पस्तीसवर आण. चाक गरम आहे तोवरच. आणि संध्याकाळी थंड झाल्यावर पुन्हा बत्तीस भर, तशीच हायवेला लागू नकोस."

"काढते. ठेवू नका हां फोन, धरा."

त्यांनी फोन धरला. चारशे किलोमीटरवरून, ग्वाल्हेरच्या पलीकडून, मथुरेच्या पलीकडून, एका टायरमधून हवा सुटल्याचा बारीक आवाज त्यांच्या कानात येऊ लागला. ती थांबून थांबून काढत होती, बरोबर जशी काढायची तशी.

"सदतीस," ती म्हणाली. "छत्तीस. पस्तीस."

"बस."

"झाले बाबा, बोलावून राहिले आहेत. माझा नंबर आला. जाऊ?"

रमाकांतांनी डोळे मिटले आणि उघडले.

"जा," ते म्हणाले.